बसल्या जागी चरबी जळते काय? रोजच्या चालण्याचा जमाखर्च

आपल्या पत्रिकेतून आपण नेहमी लागणीच्या तारखा, खोडव्याची निगा, खतांची मात्रा, उतारा आणि ऊस बिल यांविषयी लिहीत असतो. या अंकात थोडा वेगळा विषय घेतला आहे. त्यास कारणही तसेच घडले.

गाळप हंगाम आटोपल्यावर एका गावी सभासदांचा मेळावा होता. भाषणे झाली, चहा आला आणि एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. आम्हांस वाटले, आता ऊस बिलाच्या हप्त्याचा विषय निघणार. पण त्यांनी खिशातून मोबाईल काढला व म्हणाले, "आमचा थोरला अंधेरीला असतो. त्यानं हे धाडलंय. म्हणं रोज तासभर चाललं की उरलेलं तेवीस तास, अगदी झोपेतसुद्धा, चरबी आपोआप जळत राहते. हे खरं का? खरं असंल तर मी चालायला लागतो आणि शुगरची गोळी बंद करतो. उगा दरमहा पैसं कशाला घालवायचं?"

सभेत हशा पिकला. परंतु हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नंतर आम्हांस बाजूला घेऊन हळूच तोच प्रश्न विचारला. तेव्हा ही एकट्याची शंका नाही हे ध्यानी आले. शिवाय गोळी बंद करण्याची गोष्ट निघाली असता विषय चेष्टेवारी नेणे बरे नव्हे. म्हणून आम्ही माहिती जमविली, डॉक्टर मंडळींना विचारले आणि जे समजले ते साध्या भाषेत आपणांपुढे ठेवीत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती का करू नये, आणि तरीही चालणे का सोडू नये, हे पुढे वाचल्यावर कळेल.

मुंबईच्या उपनगरांत काय पाहिले

मेळाव्यानंतर लवकरच साखर संघाच्या कामासाठी आमचे मुंबईस जाणे झाले. काम नरिमन पॉइंटला आणि मुक्काम बोरिवलीस, आपल्याच एका सभासदाच्या मुलाकडे. पहाटे साडेपाचला त्याने उठविले. "काका, चला, नॅशनल पार्कात फिरून येऊ."

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे जुन्या लोकांचे बोरिवली नॅशनल पार्क. शंभर चौरस किलोमीटरहून मोठे हे जंगल मुंबईच्या ऐन कुशीत आहे. विहार आणि तुळशी हे तलाव याच जंगलात, आणि बिबटेही याच जंगलात. दरवाजापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर. आम्ही पोहोचलो तेव्हा झुंजूमुंजू होत होते, आणि माणसांची ही रीघ! निवृत्त कारकून, व्यापारी, शाळेच्या बाई, नऊवारीतल्या आजी, सगळे झपाझप चाललेले. यांतील नेहमीचे लोक पास काढून येतात. पैसे देऊन चालायचे, ही गोष्ट आमच्या मनास प्रथम काही केल्या पटेना. आपल्याकडे बांधावरून चालायला कोण पैसे मागतो?

पुढचे दोन दिवस आम्ही मुद्दाम लक्ष ठेवले. मुलुंडला चिंतामणराव देशमुख उद्यानात सकाळी हाच प्रकार. घाटकोपरला आपल्या भागातले एक जुने माथाडी कामगार भेटले. तीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. म्हणाले, "पोतं उचलत होतो तवर पोट म्हणून नव्हतं. घरी बसलो आणि दोन वर्षांत हे पुढं आलं. जेवण तेवढंच हाय, बरं का!"

अंधेरी-घाटकोपरच्या बाजूची नोकरदार मंडळी तर व्यायाम म्हणून चालतच नाहीत. दोन्ही स्टेशने जोडणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ती साडेअकरा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. पण मेट्रो असो की लोकल, घरापासून स्टेशन, स्टेशनचा जिना, पूल, दुसरा जिना, पुन्हा कचेरीपर्यंतचा रस्ता हे पायांनाच करावे लागते. आमच्या यजमानाचा मोबाईल पावले मोजतो. रविवार सोडता रोज सात-आठ हजार पावले त्यात दिसत होती.

गावी परतल्यावर आम्हीही खिशात तसाच मोबाईल ठेवला. सकाळी मोटारसायकलवरून मळ्यात, तेथून सोसायटीत, सोसायटीतून पारावर, संध्याकाळी परत मोटारसायकलवरून घरी. रात्री आकडा पाहिला, तर दोन हजारांच्या आत! ज्यांना आपण 'मुंबईची बसकी माणसं' म्हणतो ती आपल्या चौपट चालतात, आणि आपण 'शेतकरी गडी' म्हणवून घेतो ते बसून असतो. हा आकडा पाहून आम्ही वरमलो, हे कबूल केले पाहिजे.

शरीराचा बॉयलर कधी थंड होत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या कारखान्याचा बॉयलर हंगाम संपला की थंड होतो. शरीराचा बॉयलर मात्र जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंत चालूच असतो. आपण झोपलेले असलो तरी हृदय ठोके देते, मेंदू जागा असतो, यकृत व मूत्रपिंडे काम करतात, अंग ऊबदार राहते. या सर्वांस जळण लागते. साठ किलो वजनाच्या माणसास नुसते पडून राहण्यासही दिवसाकाठी सुमारे १,३०० ते १,५०० कॅलरी लागतात.

हे जळण दोन प्रकारचे असते. एक साखर आणि दुसरे चरबी. साखरेचा साठा यकृतात व स्नायूंत असतो. तो दोन्ही मिळून अवघा अर्धा किलोच्या आसपास. चरबीचे गोदाम मात्र मोठे. साठ किलोच्या माणसाच्या अंगात शेकडा २० चरबी धरली तरी १२ किलो होते. शिवाय एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, तर एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी. म्हणजे हाताशी असलेला साठा लहान आणि गोदाम भरलेले, अशी शरीराची व्यवस्था आहे. दुष्काळात जगण्यासाठी निसर्गाने ती केली आहे.

कोणते जळण किती जळते हे श्वासावरून मोजता येते. नुसती साखर जळत असेल तर जितका प्राणवायू आत घेतला तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे प्रमाण १ येते. नुसती चरबी जळत असेल तर ते ०.७ येते. रात्रभर उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाचे प्रमाण या दोहोंच्या मधे असते. याचा अर्थ सकाळी उठताना आपले साधारण निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक जळण चरबीचे असते.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. झोपेत चरबी जळते हे खरेच आहे, पण ती न चालणाऱ्याचीही जळते. त्यासाठी पावडरही नको आणि पट्टाही नको.

दुसरी गोष्ट गंमतीची आहे. चरबी जाते कोठे? बहुतेकांस वाटते घामावाटे. तसे नाही. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील दोघा अभ्यासकांनी हा हिशेब मांडून दाखविला. १० किलो चरबी जळाली तर त्यातील ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. म्हणून प्लास्टिकचे जाकीट घालून घाम काढणाऱ्याचे वजन तांब्याभर पाणी पिताच जागेवर येते.

गोदामाचे कुलूप

जेवण झाले की रक्तातील साखर वाढते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. इन्सुलिन हा आपल्या गोदामाचा रखवालदार समजा. तो साखर पेशींच्या आत घ्यावयास लावतो आणि त्याच वेळी चरबीच्या गोदामास कुलूप लावतो. नवा माल दारात आला असता जुना माल कशाला काढायचा, असा त्याचा साधा हिशेब. पुढे काही तासांनी इन्सुलिन उतरले की कुलूप निघते आणि चरबी रक्तात येऊ लागते. रात्रीची वेळ लांब, म्हणून गोदामातील माल मुख्यतः रात्री निघतो.

परंतु माल दारातून बाहेर पडला म्हणजे खपला असे नव्हे. तो घेणारे गिऱ्हाईक पाहिजे. चरबीचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि त्यांतही पायांचे व मांड्यांचे. हे स्नायू वापरात नसतील तर ते इन्सुलिनचेही नीट ऐकत नाहीत व चरबीही नीट उचलत नाहीत. मग रक्तात साखरही जास्त आणि चरबीही जास्त. ही चरबी हळूहळू यकृतात व पोटाच्या आत जाऊन बसते. डॉक्टर 'शुगर आहे, पोट कमी करा' असे एका दमात म्हणतात ते याचमुळे.

मग चालल्याने होते काय?

चार गोष्टी होतात.

पहिली, चालत असतानाच चरबी जळते. बोलता येईल अशा बेताने चालले तर जळणात चरबीचा वाटा चांगला असतो.

दुसरी, हलणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतो. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. इन्सुलिनचे ऐकण्याची ही सवय चालणे थांबल्यावरही काही तास, कधी एक-दोन दिवस टिकते. त्यापुढे मात्र ओसरते.

तिसरी, काही आठवडे नेमाने चालले की स्नायूंच्या पेशींतील बारीक भट्ट्या वाढतात. शास्त्रात त्यांस मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. चरबी जळते ती या भट्ट्यांतच. भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्याही वाढतात. गिऱ्हाईक सुधारते, असे म्हणू.

चौथी, पोटाच्या आतली, म्हणजे आतड्यांभोवतीची चरबी कमी होऊ लागते. काट्यावर वजन फारसे न हलताही ती कमी झाल्याचे आढळले आहे. म्हणून वजनकाट्याइतकाच कमरेचा करगोटा पाहावा.

आता जे होत नाही तेही सांगितले पाहिजे. साध्या चालण्याने शरीराचा बसल्या जागचा खर्च फारसा वाढत नाही. एक किलो स्नायू पडून असताना दिवसाला सुमारे १३ कॅलरीच खातो. चालून दोन किलो स्नायू वाढले असे धरले, आणि तेवढे वाढत नाहीतच, तरी २६ कॅलरी झाल्या. चहातील दीड चमचा साखरेची ती किंमत. आरामातील निम्म्याहून अधिक खर्च मेंदू, यकृत, हृदय व मूत्रपिंडे हीच मंडळी करतात. तेव्हा 'उरलेले तेवीस तास भट्टी धडधडत राहते' ही जाहिरातीची भाषा झाली. फरक पडतो तो जाळ मोठा होण्यात कमी आणि जळण बदलण्यात जास्त. तोही बेताचा, आणि त्यास एक अट आहे.

अट जमाखर्चाची

ही अट दोन अभ्यासांवरून नीट समजते, म्हणून ते दोन्ही सांगतो.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथे स्थूल माणसांकडून १६ आठवडे मध्यम व्यायाम करून घेतला आणि त्यांचे जेवणही बेताचे ठेवले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. रात्रभराच्या उपवासानंतर, आरामात असताना, त्यांच्या शरीरात चरबी जळण्याचा वेग पूर्वीपेक्षा वाढलेला आढळला, आणि शरीर इन्सुलिनचे अधिक ऐकू लागले. म्हणजे अंधेरीच्या मुलाने धाडले ते अगदीच खोटे नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतच कोलोरॅडो येथील. तेथे माणसांना एका बंद खोलीत ठेवून त्यांचा श्वास चोवीस तास मोजला. व्यायामात जेवढे खर्च झाले तेवढे जेवण त्यांना जादा दिले. निष्कर्ष असा की, व्यायाम करूनही दिवसभरात जळलेली एकूण चरबी वाढली नाही. चालताना थोडी जळाली, ती खाल्ल्यावर भरून निघाली.

दोन्हींचा मेळ घातला तर अर्थ उघड आहे. चालण्याने गोदामाचे दार सैल होते व गिऱ्हाईक तयार होते. पण शिल्लक किती उरणार हे आवक-जावक ठरविते. हे आपणांस नवे नाही. ताळेबंद मांडताना नुसती विक्री पाहून कोणी नफा काढीत नाही.

आता आपलाच हिशेब करू. साठ किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १५० कॅलरी जादा खर्च होतात. एक किलो अंगाच्या चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे रोज पाच किलोमीटर चालून, आणि जेवण घासभरही न वाढविता, एक किलो उतरावयास पन्नासेक दिवस लागतील. प्रत्यक्षात शरीर थोडी काटकसर करते, तेव्हा थोडे अधिकच धरा.

उलट बाजू पाहा. चहाच्या एका कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम साखर. दिवसात चार कप. १६० कॅलरी. पाच किलोमीटरचे चालणे चार कप चहाच्या साखरेत फिटले! साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे छापावे की नाही यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. पण सभासद सुदृढ तर कारखाना सुदृढ. साखर विकायची ती जगाला. घरी कपात एक चमचा कमी पडला म्हणून आपले गोदाम तुंबणार नाही.

'मी तर बारीकच आहे!'

हे वाचून काही मंडळी म्हणतील, आमचे वजन बेताचेच, आम्हांस काय त्याचे? त्यांनी पुण्याची गोष्ट ऐकावी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे मधुमेहावरील काम जगभर मानले जाते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांची मुले यांचा अभ्यास त्यांनी १९९३ पासून चालविला. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे त्यांचे स्नेही डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आपली दोघांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्यास बी.एम.आय. म्हणतात, तो दोघांचाही २२.३. दिसायला दोघेही सडसडीत. पण अंगातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजन सारखे, चरबी दुपटीहून अधिक.

याचे एक कारण जन्माआधीचे आहे. आपल्याकडील मुले जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली असतात. आईच्या पोषणाशी त्याचा संबंध आहे. दुसरे कारण चालण्या-पळण्याचे. युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांनी स्वतःबद्दल लिहिले ते असे की, रोज सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठावयास धावणे हाच आपला मुख्य व्यायाम. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी हे स्वतःवर घेऊन सांगितले, यातच त्यांचा मोठेपणा आहे.

तेव्हा बारीक दिसणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. आपल्या लोकांकरिता डॉक्टरांनी कमरेची मर्यादा ठरविली आहे. पुरुषांस ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांस ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. घरी शिवणकामाची टेप असतेच. आजच मोजून पाहावे.

बिघडावयास पंधरवडा पुरतो

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे २०१० साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आम्हांस सर्वांत बोलका वाटला. दहा निरोगी तरुण घेतले. ते रोज सुमारे १०,५०० पावले चालत असत. त्यांना सांगितले, दोन आठवडे लिफ्ट आणि गाडी वापरा, पायी चालू नका. पावले दिवसाला १,३५० च्या आसपास आली. अवघ्या दोन आठवड्यांत त्यांचे शरीर इन्सुलिनचे कमी ऐकू लागले आणि पायांतील मांस किंचित घटले. हे तरुण होते, आजारी नव्हते.

आमच्या मोबाईलवरचा आकडा दोन हजारांच्या आत होता, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे त्या तरुणांनी जो प्रयोग दोन आठवडे केला, तो आपण मोटारसायकल घेतल्यापासून वर्षानुवर्षे करीत आहोत!

चालणाऱ्याचे काय होते हेही फार पूर्वी दिसले आहे. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी होता.

आपल्या देशाचे आकडेही विचार करावयास लावणारे आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०२४ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे आपल्याकडील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक पुरेशी हालचाल करीत नाहीत. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक. तेव्हा आमच्या माता-भगिनींनी 'घरकाम हाय की' म्हणून हा लेख बाजूस ठेवू नये. गॅस, मिक्सर आणि दारातला नळ आल्यावर घरकामातील चालणे पूर्वीइतके उरलेले नाही.

काय करावे?

१) किती चालावे? जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटे सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, असा वेग ठेवावा.

२) दहा हजार पावलांचा धसका घेऊ नये. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकावयास आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. सुमारे १६,७०० अमेरिकन वृद्ध स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० नंतर फायदा फारसा वाढला नाही. दोन हजारवाल्याने चार हजार केले तरी पहिली पायरी चढली.

३) खाडा पडू देऊ नये. चालण्याचा गुण एक-दोन दिवसच टिकतो. रविवारी दहा किलोमीटर आणि सहा दिवस पारावर, याचा उपयोग कमी.

४) जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शतपावली करावी. आजी-आजोबांची ही रीत शास्त्रानेही उचलून धरली आहे.

५) एका बैठकीत तासन् तास बसू नये. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावी. सर्वसाधारण सभेतही हरकत नाही!

६) मोटारसायकल रस्त्यावर लावून मळ्यात पायी जावे. सगळ्या प्लॉटला कडेने फेरी मारावी. खोड किडा, तांबेरा, फुटलेली पाइपलाइन आपल्याच नजरेस आधी पडेल. एका चालण्यात दोन कामे.

७) साधी काळजी. ज्यांस मधुमेह आहे त्यांनी अनवाणी चालू नये. पायाच्या जखमेची जाणीव होत नाही व ती चिघळते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर चालताना साखर एकदम उतरू शकते. खिशात गूळ-साखर असावी आणि डॉक्टरांस विचारून सुरुवात करावी. छातीत दाब, दम किंवा चक्कर आल्यास थांबून लगेच दवाखाना गाठावा.

८) गाळप हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर अंधारात चालू नये. दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर, मागे दिवा असेल-नसेल. शाळेचे मैदान किंवा शिवाररस्ता धरावा, आणि उजाडल्यावर चालावे.

गोळीचे काय?

मेळाव्यातील त्या सभासदांकडे आम्ही मुंबईहून आल्यावर मुद्दाम गेलो. वर लिहिले ते सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे गोळी बंद करायची न्हाई?"

आम्ही म्हटले, गोळी कमी करायची की नाही हे तपासणीचा कागद ठरवील आणि डॉक्टर ठरवितील. नेमाने चालणाऱ्या व जेवण आवरणाऱ्या काहींची गोळी डॉक्टर कमी करतातही. पण आधी चालायचे, मग तपासायचे, मग डॉक्टरांनी सांगितल्यास कमी करायची. क्रम उलटा केला तर साखर आत वाढत राहते आणि ती डोळे, मूत्रपिंडे व पाय यांवर वसूल करते. ऊस तोडण्याआधी बिल मागून कसे चालेल?

ते हसले. म्हणाले, "मंग थोरल्याला काय कळवू?"

"कळवा," आम्ही म्हटले, "की तुझं निम्मं खरं आहे. झोपेत चरबी सगळ्यांचीच जळते, पण तिचा साठा उतरतो तो जागेपणी पाय हलवले आणि ताटावर हात आवरला तर. आणि तू स्टेशनचे जिने चढतोस ते सोडू नकोस, गाडी घेतलीस तरी."

आता ते रोज सकाळी ओढ्यापर्यंत जाऊन येतात असे त्यांच्या घरून कळले. गोळी चालू आहे. तीन महिन्यांनी तपासणी करावयाची ठरले आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, आपण शेअर घेतला तेव्हा एका दिवसात कारखाना उभा राहिला नाही. टनाटनाने ऊस घातला, हंगामाहंगामाने कर्ज फिटले. शरीराचेही तसेच आहे. उद्या सकाळी मळ्यात जाताना मोटारसायकलची किल्ली घरीच खुंटीवर राहू द्या. एवढीच विनंती.